आमची मोजणी, त्यांची मोजणी

खासगी कंपन्यांमध्ये जातीनिहाय आरक्षण किंवा तशी कुठलीही सक्ती असता कामा नये, असे माझे मत होते आणि ते ठाम होते. एका मोठ्या खासगी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात माझी सगळी नोकरी गेली. पुढे त्या खात्याला एचआर म्हणू लागले. माणसे निवडणे हेच काम असल्यामुळे माझ्या मताला अनुभवाचे वजन आहे, असे ऐकणाऱ्यांना वाटे आणि मलाही वाटे. सरकारी नोकऱ्यांत सरकारने काय करायचे ते करावे, तिथे राज्यघटनेने तसे सांगितले आहे. पण जिथे मालकाचा पैसा आणि बाजाराची स्पर्धा आहे, तिथे फक्त गुणवत्ता बघावी, हे मी लग्नाच्या पंगतीत बोललो आहे, मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांसमोरही बोललो आहे. आज माझे मत तसे नाही. ते का बदलले, हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेव्हा माझ्या बाजूने असलेले पुष्कळ जण अजून तिथेच आहेत. त्यांच्यातले काही आज निवड समित्यांवर बसतात.

आमचे घर लालबागचे, मूळ गाव पाटण तालुक्यातले. आम्ही मराठा. आजोबा आणि त्यांच्या मागोमाग वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे विणाई खात्यात मागावर. मी शिकत होतो तेव्हा घरात ‘मार्मिक’ साप्ताहिक यायचे. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली, त्याच्या आधीपासून ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. मथळा असे, ‘वाचा आणि थंड बसा’. नावामागून नाव, आणि त्यात मराठी आडनाव शोधावे लागे. वडील ती यादी मोठ्याने वाचत. शेजारचे दोघे-तिघे ऐकायला येऊन बसत. यादी संपली की कोणीतरी म्हणे, राज्य आपले, शहर आपले आणि खुर्चीवर आपला एकही माणूस नाही.

त्या वेळी आमच्यापैकी कोणी असे विचारले नाही की, त्या खुर्च्यांवर बसलेली माणसे जास्त लायक असतील का. त्यांच्यातले बरेच जण खरोखर लायक होते. त्यांचे इंग्रजी चांगले होते, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून ते आले होते. पण आम्हाला तो मुद्दाच वाटत नव्हता. एवढ्या मोठ्या शहरात मराठी माणूस इतका असताना कचेऱ्यांत तो इतका कमी कसा, हा आमचा प्रश्न होता. आणि आकडा इतका कमी आहे, यातच अन्याय सिद्ध झाला, असे आम्ही मानत होतो. शिवसेनेच्या त्या चळवळीत उडुपी हॉटेलांवर दगडफेक झाली, गरीब दाक्षिणात्य माणसांना मार बसला, ते मला तेव्हाही पटले नव्हते. मागणी मात्र शंभर टक्के पटली होती. अजूनही ती रास्त होती असेच मी म्हणेन.

पुढे शिवसेनेची स्थानीय लोकाधिकार समिती आली. बँका, विमा कंपन्या, एअर इंडिया, मोठ्या खासगी कंपन्या, जिथे तिथे समितीची शिष्टमंडळे जात. भरतीत मराठी मुलांना किती जागा दिल्या, ते विचारत. मुलांसाठी परीक्षेच्या तयारीचे, मुलाखतीचे वर्ग भरत. मीही अशा वर्गाला गेलो आहे. ज्या कंपनीत मी पुढे आयुष्य काढले, तिने मराठी मुलांची भरती केली ती अशाच दबावानंतर. मी परीक्षा दिली, पास झालो, मुलाखतही दिली. पण दबाव नसता तर त्या मुलाखतीचे पत्र मला आले नसते, कारण तोवर तिथल्या जागा पेपरात जाहीरच होत नव्हत्या. आतल्या माणसाचा भाचा, मेहुणा, गाववाला, अशी ती साखळी चाले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांचे काम कायमचे गेले, तेव्हा आमचे घर याच नोकरीवर तगले.

१९९० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली. केंद्रीय नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता आणि सगळ्यात तावातावाने मी बोलत होतो. आता गुणवत्तेचे काय होणार, देश कसा चालणार, हे माझे प्रश्न होते. मराठी मुलांच्या भरतीमुळे कंपनीच्या गुणवत्तेचे काय झाले, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी काढला नाही आणि माझ्याही डोक्यात आला नाही. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात ते २७ टक्के मान्य केले, क्रीमी लेयर वगळला आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. मी म्हणालो, निदान खासगी क्षेत्र वाचले.

हे वाचलेले खासगी क्षेत्र आतून कसे चालते ते मी रोज बघत होतो. त्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण बाहेर राहून गुणवत्तेवर बोलणाऱ्यांना निवडीची प्रत्यक्ष रीत फारशी माहीत नसते.

पहिली चाळण ओळखीची. जागा रिकामी होणार हे आधी आतल्यांना कळते. नव्या काळात याला रेफरल म्हणतात आणि माणूस सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळते. कंपनीला ते सोयीचे पडते, कारण जाहिरातीचा खर्च वाचतो आणि सुचवणारा एका परीने जामीन राहतो. पण माणूस सुचवतो तो ओळखीतला, आणि आपल्याकडे ओळख ही सोसायटी, शाळा, नातेवाईक, लग्नकार्य यांतून होते. म्हणजे ज्यांची माणसे आधीच आत आहेत, त्यांचीच माणसे आणखी आत येतात. यात कोणी कोणाचा द्वेष केलेला नसतो.

दुसरी चाळण कॉलेजांची. कॅम्पससाठी ठरलेली पाच-सहा कॉलेजे. लातूर, नांदेड, चंद्रपूरच्या कॉलेजांतून आलेले अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जात आणि तो गठ्ठा सहसा उघडला जात नसे.

तिसरी चाळण मुलाखतीची. कामाचे प्रश्न दहा मिनिटांत संपतात. मग येते, ‘घरी कोण कोण असते? वडील काय करतात? मूळ गाव कुठले?’ महाराष्ट्रात आडनावावरून जात नेहमी कळत नाही. गायकवाड, जाधव, शिंदे, मोरे, पवार ही आडनावे अनेक जातींत आहेत. म्हणून हसतमुखाने विचारायचे, ‘कुठले गायकवाड? बडोद्याचे का?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे, आणि मीसुद्धा विचारला आहे. त्याचा नोकरीशी काही संबंध नाही, हे प्रश्न विचारणाऱ्याला माहीत असते. उत्तर देणाऱ्या मुलाला तर पक्के माहीत असते. त्याची पाठ किंचित ताठ होते, आणि पुढची सगळी उत्तरे तो तोलूनमापून देतो. मग आपण शेरा लिहितो, आत्मविश्वास कमी.

एक मुलगा मला स्पष्ट आठवतो. मराठवाड्यातला, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, पुण्याजवळच्या एका कारखान्यात दोन वर्षे काम केलेला. यंत्राबद्दल विचारले ते त्याने कागदावर आकृती काढून समजावून सांगितले. समितीतल्या तंत्रज्ञ सभासदाने मान डोलावली. वडिलांबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, नगरपालिकेत सफाई कामगार होते. खोली एकदम शांत झाली. नंतर एक प्रश्न आला, ‘डिप्लोमाला नंबर कॅटेगरीतून लागला का?’ तो म्हणाला, हो. तो गेल्यावर ठरले की मुलगा हुशार आहे, पण टीममध्ये बसणार नाही. शेरा मी लिहिला. त्या जागेवर ज्याला घेतले तोही चांगलाच होता, फक्त तो एका अधिकाऱ्याच्या शेजाऱ्याचा मुलगा होता.

या साऱ्याने माझे मत लगेच बदलले असे नाही. माणूस आपल्या मताला सांभाळून घेतो. ही एखादी घटना आहे, समितीत एखादाच तसा असतो, असे मी स्वतःला समजावत असे.

२००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थोरात म्हणजे विदर्भातून आलेले अर्थतज्ज्ञ, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी काय केले, तर मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळे. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, एक दलित, एक मुस्लिम. ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज. पुढे बोलावणे कोणाला येते तेवढेच मोजायचे. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. इथे मुलाखत नव्हती, उच्चार नव्हते, कपडे नव्हते, आत्मविश्वास नव्हता. कागदावरचे नाव तेवढे होते. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले, की हे अधिकारी जात बघत नाही असे सांगतात आणि त्याच दमात घरचे वळण, घरची पार्श्वभूमी महत्त्वाची असते असेही सांगतात. ती वाक्ये माझ्याच तोंडची असावीत इतकी ओळखीची होती.

मला राग आला. दिल्लीत होत असेल, मुंबईत असे होत नाही, असे मी म्हणालो आणि ते दाखवून देण्यासाठी आमच्या खात्यातल्या नाकारलेल्या अर्जांच्या जुन्या फायली काढल्या. उद्देश अभ्यास खोडून काढण्याचा होता. मार्क आणि अनुभव सारखे असलेले अर्ज शेजारी ठेवायचे आणि शेरे वाचायचे, एवढेच मी केले. कोणी सांगून नव्हे, कचेरी सुटल्यावर. एकाच प्रकारच्या मुलाला एका फायलीत ‘शिकवून तयार होईल’ असे लिहिलेले होते आणि दुसऱ्या फायलीत ‘तयारी अपुरी’. कोणाच्या वाट्याला कुठला शेरा आला होता, ते पाच-सहा संध्याकाळींतच दिसू लागले. पुष्कळसे अक्षर माझे होते. जातीचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. मुस्लिम अर्ज तर इतके कमी होते की शेजारी ठेवायलाही पुरले नाहीत, कारण ते पहिल्याच टप्प्यावर गळलेले.

त्याच फायलींच्या कपाटात दुसराही एक कागद होता. आमचा कारखाना एमआयडीसीत. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट महाराष्ट्रात जुनी आहे. त्यासाठीचे तक्ते मीच भरून पाठवत असे. म्हणजे खासगी कंपनीवर भरतीची टक्केवारी घालता येत नाही, असे जे मी भाषणात सांगत होतो, त्याच्या उलट पुरावा दरवर्षी माझ्याच सहीने जात होता. स्थानिकांसाठीच्या टक्केवारीने कारखाना बुडाला नव्हता, मालकाचा हक्क गेला नव्हता, कोणी गुणवत्तेच्या नावाने गळा काढला नव्हता. मीही नाही.

इथपर्यंत माझे मत डळमळले होते. ते पूर्ण बदलले ते आमच्या घराण्याचा अभिमान असलेल्या विणाई खात्यामुळे.

गिरणीत विणाई खाते म्हणजे मानाचे खाते. रिंग खात्यात सूत कातणाऱ्यापेक्षा साचेवाल्याला पगार कितीतरी जास्त. ‘आम्ही साचेवाले’ असे वडील सांगत तेव्हा त्यात मोठा डौल असे. निवृत्तीनंतर मी गिरणगावाचा इतिहास वाचायला घेतला, आणि मला कळले की मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेतच नसत. त्याचे कारण असे: मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्या हातात आणि तोंडाशी जाणार. त्यामुळे विटाळाच्या भीतीने सवर्ण कामगारांनी त्यांना तिथे येऊ दिले नाही, आणि मालकांनीही ते चालू दिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता. ज्या संपाच्या गोष्टी मी घरी ऐकत मोठा झालो, त्या संपाची ही बाजू घरात कधी निघाली नव्हती.

आजोबा त्याच दशकात गिरणीत लागले. त्यांना लावणारा जॉबर, म्हणजे भरती करणारा मुकादम, आमच्याच गावचा. जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसे आणी, हे सगळ्या गिरणगावात चाले. आजोबा मेहनती होते, हाताला कसब होते, ते मी कमी लेखत नाही. पण त्या खात्यात ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा व्हायला हवी होती, त्यांतल्या कित्येकांना दारातच अडवलेले होते. मग वडील त्याच खात्यात लागले, आजोबांच्या ओळखीने. मग मी, लोकाधिकारच्या दबावाने उघडलेल्या दारातून. आमच्या तीन पिढ्यांपैकी एकही पिढी निव्वळ गुणवत्तेवर नोकरीला लागलेली नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी आम्हाला आपले मानले आणि आमच्यासाठी जागा केली. आत गेल्यावर आम्ही कामे चांगली केली. संधी मिळाली की बहुतेक माणसे कामे चांगलीच करतात, हा माझा पर्सोनेल खात्यातलाही अनुभव आहे.

गुणवत्ता घसरेल ही भीती मी अनेक वर्षे बाळगली, म्हणून त्याबद्दल माहिती मिळवली. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकोफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० ते २००२ या काळातली माहिती घेऊन त्यांनी पाहिले, की जिथे अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण जास्त, तिथे रेल्वेची उत्पादकता कमी होते का. तशी ती कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट अ आणि ब वर्गाच्या वरच्या जागांवर हे प्रमाण वाढले, तिथे काही हिशेबांत उत्पादकता वाढलेली दिसली. रेल्वे ही काही लहानसहान कचेरी नाही. लाखो माणसे आणि रोज हलणारी अवाढव्य यंत्रणा, तीही दशकानुदशके आरक्षण पाळत आलेली. माझ्या भीतीला आधार मिळायचा असता तर तो इथे मिळायला हवा होता.

दुसरीकडे, जिथे आरक्षण नाही तिथे काय आहे? देशातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांच्या संचालक मंडळांची २०१० ची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. ९३ टक्के संचालक वरच्या जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. ‘मार्मिक’मधल्या याद्यांत मराठी नावे जशी शोधावी लागत, त्याहून ही शोधाशोध अवघड आहे. त्या याद्या वाचून आमच्या खोलीत जो संताप उसळत असे, तो खरा होता असे मी मानत असेन, तर या यादीवर संतापण्याचा हक्क मी दुसऱ्यांना नाकारू शकत नाही. नाव मोजून अन्याय दाखवण्याची पद्धत आम्हीच या शहराला शिकवली.

माझ्याच समाजाबद्दलही बोलले पाहिजे. २०१६ मध्ये मराठा मोर्चे निघाले, त्यात माझे भाचे-पुतणे चालले. शेतीचे तुकडे झालेले, शिक्षणाला पैसा नाही, नोकरी नाही, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण १९९० मध्ये गुणवत्तेची ढाल पुढे करणारे घर आता आरक्षण मागत होते, आणि ती ढाल कुठे गेली हे कोणी विचारत नव्हते. आमच्या घरी शाहू महाराजांची तसबीर आहे. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या. त्या मागासवर्गीयांत तेव्हा मराठेही होते. मी भाच्यांना एवढेच म्हणालो, जे आपल्यासाठी मागता ते खासगी कारखान्याच्या फाटकावर थांबलेल्या दलित, आदिवासी, मुस्लिम मुलासाठीही मागा. दोघांना ते पटले. बाकीच्यांशी बोलणे अजून चालू आहे.

लोक मला विचारतात की भेदभावाविरुद्ध कायदा आहेच, मग वेगळी सक्ती कशाला? कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाच्या नोकरीधंद्यात आडकाठी करणे हा गुन्हा आहे. पण नाकारलेल्या मुलाने ते सिद्ध कसे करायचे? त्याच्या हातात नकाराचे पत्रसुद्धा नसते. शेरा कंपनीच्या कपाटात, आणि शेऱ्यात जात नाही. राज्यघटनेचे सोळावे कलम समान संधी देते ती सरकारी नोकऱ्यांत. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने खासगी मालकालाही वंश, धर्म, लिंग यांवरून नोकरी नाकारता येत नाही, १५ माणसे कामाला असली की तो कायदा लागू होतो. तिकडे गेलेली आपली मुले त्या कायद्याच्या आधाराने मान ताठ ठेवून काम करतात, तिथे बढती नाकारली तर तक्रारही करतात, आणि योग्यच करतात. तीच मुले सुट्टीत घरी आली की इथल्या आरक्षणावर बोलतात ते ऐकवत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवले ते उत्तर आयर्लंडच्या उदाहरणाने. तिथे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक. बेलफास्टच्या प्रसिद्ध जहाज कारखान्यात पिढ्यानपिढ्या प्रॉटेस्टंटांचे वर्चस्व. रंग एक, भाषा एक, मग ओळखायचे कसे? नावावरून, पत्त्यावरून, शाळेवरून. ‘कुठले गायकवाड’ या प्रश्नाला तिथेही सख्खी भावंडे आहेत. १९८९ च्या कायद्याने तिथल्या खासगी कंपन्यांना आपल्याकडे कुठल्या समाजाचे किती लोक आहेत, ते मोजून दरवर्षी कळवणे बंधनकारक केले. आधी मोठ्या कंपन्या, मग दहाहून अधिक माणसे असलेल्या सगळ्या. प्रमाण विषम दिसले की कारणे शोधायची, जाहिरात कुठे दिली ते बघायचे, निवडीची पद्धत सुधारायची. पोलीस दलात मात्र नुसत्या मोजणीने भागणार नव्हते. तिथे २००१ ते २०११ या काळात निम्मी भरती कॅथलिकांची अशी अट घातली, आणि त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर गेले. अट उद्दिष्टापुरती होती, मग ती काढली. बाँब आणि गोळीबार चालू असलेल्या प्रांतात मालकांना जी मोजणी जमली, ती आपल्या कंपन्यांना जमणार नाही, असे मी मानत नाही.

आपल्याकडे २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगपतींना मागास समाजांना नोकऱ्यांत वाटा देण्याचे आवाहन केले. जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली उद्योजकांच्या संघटनांनी गट नेमला. कायद्याची सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने करू, असे उत्तर मिळाले. शिष्यवृत्त्या, प्रशिक्षण, दलित उद्योजकांना मदत. काही उद्योगसमूहांनी खरोखर मनापासून काम केले. त्या वेळी मी त्या उत्तरावर खूश होतो. तेव्हा जन्मलेले मूल आता स्वतः नोकरी शोधू लागले आहे, आणि आपल्या कंपनीत कोणत्या समाजाचे किती लोक कोणत्या पदावर आहेत, हे बहुतेक कंपन्या अजून सांगत नाहीत. स्त्रियांचे प्रमाण वार्षिक अहवालात छापतात, आणि ते छापायला लागल्यापासूनच त्यावर संचालकांच्या बैठकीत प्रश्न येऊ लागले, हे मी आतून पाहिले आहे. जे छापले जात नाही त्यावर प्रश्न येत नाही.

माझ्या काही शंका आजही आहेत. दहा कामगारांच्या वर्कशॉपवर टक्केवारी लादू नये. आरक्षणाचा लाभ त्याच त्या घरांत फिरू नये, म्हणून खालच्या जातींतल्याही मागे राहिलेल्यांना पुढे आणण्याचा विचार हवा. मुस्लिमांशी होणारा भेदभाव जातीच्या आरक्षणाने सुटणारा नाही, त्याला भेदभावविरोधी स्वतंत्र कायदाच लागेल. आणि कंत्राटी पद्धतीने सगळ्याच नोकऱ्या पोखरल्या जात असताना नुसत्या टक्केवारीने कोणाचे पोट भरणार नाही. कोणत्याही कारखान्यात झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांची हजेरी काढून बघा. तिथे दलित आडनावे शोधावी लागत नाहीत, आणि तिथे गुणवत्तेचा प्रश्नही कोणी काढत नाही.

या शंका धरूनही माझे मत आता असे आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या प्रत्येक खासगी कंपनीने, आणि जमीन, वीज, करात सवलत घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने, आपल्या भरतीची सामाजिक मोजणी करून ती दरवर्षी जाहीर करावी, असा कायदा झाला पाहिजे. पहिल्या चाळणीत अर्जावरचे नाव झाकावे. ओळखीने भरायच्या जागाही जाहीर कराव्यात. पाच वर्षांत चित्र बदलले नाही, तर आरक्षण लावावे. तसे विधेयक आले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन, आणि ज्या व्यासपीठांवरून पूर्वी विरोधात बोललो, तिथे बोलावले तर जाऊन हेच सांगेन.

आणि जे आज निवड समित्यांवर बसले आहेत, त्यांना विनंती, यासाठी कायद्याची वाट बघू नका. उद्याच्या मुलाखतीत वडील काय करतात हे विचारू नका, कुठले गायकवाड हेही विचारू नका. कामाचे विचारा.